२००२ नंतर टाफाइट हे खनिजच राहिलं नाही का?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. खनिजं आणि रत्नं यातलं जाणणारी बरीच माणसं इथे आहेत, म्हणून विचारते आहे.

माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. १९८९ साली त्यांची बोट कोलंबोला काही दिवस थांबली होती, तेव्हा त्यांनी एक खडा घेतला. वजन सव्वा कॅरेटच्या थोडं वर. कोकम सरबतात खूप पाणी घातलं की जो उरतो ना, तो फिकट जांभळट-गुलाबी रंग. बाबांना खड्यांचा नाद होता, पण अंगठी त्यांनी कधी घातली नाही. पुडीतून काढायचे, खिडकीत धरायचे, परत ठेवायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. कपाट आवरताना ती पुडी मिळाली. सोबत त्याच वर्षीचं तपासणीचं प्रमाणपत्र आणि बाबांची वही. प्रमाणपत्रावर नाव आहे टाफाइट, वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.७१८ ते १.७२३, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) ३.६१. वहीत बाबांच्या अक्षरात सूत्र आहे: बेरिलियम १, मॅग्नेशियम १, ॲल्युमिनियम ४, ऑक्सिजन ८. खाली लिहिलंय, "स्पिनेल नव्हे! ऑक्साइड."

आईसाठी त्याचं पेंडंट करावं म्हणून एका ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि म्हणाले, ताई, हे नाव खनिजांच्या अधिकृत यादीत नाही, २००२ सालीच काढलं. घरी येऊन मी पाहिलं तर खरंच तिथे 'मॅग्नेशिओटाफाइट-२एन′२एस' असं काहीतरी दिसलं. सूत्रही वेगळं: बेरिलियम १, मॅग्नेशियम ३, ॲल्युमिनियम ८, ऑक्सिजन १६.

मला खडा विकायचा नाही. बाबांनी जे लिहून ठेवलं ते बरोबर होतं का, एवढंच हवं आहे.

कातळफूल

हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्या बाबांना नमस्कार. वाचते आहे.

खडकवेडा

रेवाकाठ, घाबरू नका. खनिज तेच आहे, फक्त त्याच्या कागदावरच्या नावाची मांडणी बदलली. महाविद्यालयात पस्तीस वर्षं खनिजशास्त्र शिकवलं, तर या विषयावर थोडं सविस्तर लिहितो. आज एवढंच सांगतो की बाबांचं "ऑक्साइड" शंभर टक्के बरोबर आणि "स्पिनेल नव्हे" (स्पिनेल म्हणजे दिसायला अगदी तसंच असलेलं दुसरं खनिज) हे त्याहून मोलाचं. सूत्राचं काय झालं तेही सांगतो, ती गंमत वेगळीच आहे.

दर्याफिरस्ता

कोलंबोच्या बंदरात मीही उतरलोय. श्रीलंकेतल्याच रत्नपूरला जाऊन आलो होतो. तिथे भाताच्या खाचरांत विहिरीसारखे खड्डे खणतात, लाकडी ओंडक्यांनी बाजू धरून ठेवतात, आणि खालचा खड्यांचा वाळूमिश्रित थर वर काढतात. त्या थराला ते लोक 'इल्लम' म्हणतात. मग टोपलीत घालून पाण्यात घुसळत बसायचं. हलकं वाहून जातं, जड तळाशी. नीलम, स्पिनेल, झिरकॉन, गार्नेट, सगळं एकाच टोपलीत. यातला टाफाइट वेगळा ओळखायचा कसा, हा मला पडलेला प्रश्न.

लूपवाला

@दर्याफिरस्ता, टोपलीत ओळखता येत नाहीच. म्हणून तर या खनिजाची कथा इतकी वेगळी आहे. मुंबईत रत्नतपासणीचं काम करतो, आमच्या अभ्यासक्रमात ही कथा पहिल्या महिन्यात सांगतात.

१९४५ चा ऑक्टोबर, डब्लिन. काउंट एडवर्ड चार्ल्स रिचर्ड टाफ नावाचे रत्नपारखी होते. घराणं मूळ आयरिश, पण पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहिलेलं. रॉबर्ट डॉबी या जवाहिऱ्याच्या दुकानातले, जुन्या दागिन्यांतून निघालेले किरकोळ नग त्यांनी चाळायला घेतले आणि बरेचसे विकत घेतले. घरी बसून एकेक नग सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना एक फिकट जांभळा नग आला. सगळी लक्षणं स्पिनेलची. पण आरपार पाहिलं तर मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत होत्या.

इथेच सगळं आलं. स्पिनेल घन प्रणालीत स्फटिकतं, प्रकाश त्यात सर्व दिशांनी सारखाच जातो, त्यामुळे त्यात काहीही दुहेरी दिसू शकत नाही. टाफ यांनी १ नोव्हेंबर १९४५ ला तो नग लंडन चेंबर ऑफ कॉमर्सच्या प्रयोगशाळेत बी. डब्ल्यू. अँडरसन यांच्याकडे पाठवला. त्यांनी आणि त्यांचे सहकारी पेन यांनी मोजमापं घेतली: वक्रीभवनांक दोन, १.७१८ आणि १.७२३. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी रचना पाहिली, मॅक्स हे नावाच्या तज्ज्ञांनी अगदी कणभर नमुन्यावर रासायनिक पृथक्करण केलं. १९५१ साली नवं खनिज म्हणून ते प्रसिद्ध झालं.

तोवर प्रत्येक नवं खनिज खडकातून, खाणीतून, वाळूतून माणसाच्या हाती आलं होतं. टाफाइट हे पैलू पाडलेल्या रत्नातून ओळखलं गेलेलं पहिलं खनिज. म्हणजे ते कुठल्या डोंगरातलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, अंगठीत घालण्याइतकं घासूनपुसून मात्र तयार होतं.

रेवाकाठ, तुमच्या प्रमाणपत्रावरचे आकडे पुन्हा बघा. टाफ यांच्या नगाचेच आहेत.

रेवाकाठ

अंगावर काटा आला. बाबांनी या गोष्टीचा एक शब्द कधी बोलून दाखवला नव्हता. वहीत एका कोपऱ्यात "डब्लिन ४५" लिहिलंय, मला वाटायचं ते कुठल्यातरी बोटीच्या फेरीचं आहे.

मध्यरात्र

लूपवाला, एक शंका. तपासणीत नगाचे आकडे मिळाले म्हणजे झालं का? स्पिनेलचा वक्रीभवनांक किती?

लूपवाला

साधारण १.७१८. विशिष्ट गुरुत्व ३.६०. कठिनता ८. टाफाइटची कठिनता ८ ते ८.५, विशिष्ट गुरुत्व ३.६० ते ३.६२. म्हणजे घाईत एकच आकडा वाचून वही मिटली तर नग स्पिनेलच्या पुडीत गेला म्हणून समजा. दुसरा आकडा शोधण्यासाठी वक्रीभवनमापकाच्या भिंगावर ध्रुवण गाळणी (पोलरायझर) ठेवून नग हळूहळू फिरवावा लागतो. दोन आकड्यांतला फरक ०.००५ च्या आसपास.

ध्रुवणदर्शीत (दोन ध्रुवण गाळण्यांमध्ये नग धरून बघायचं उपकरण) नग फिरवला तर टाफाइट एका फेरीत चार वेळा उजळतो, चार वेळा काळवंडतो. स्पिनेल सबंध फेरी काळाच राहायला हवा. "हवा" म्हणतोय, कारण आतल्या ताणामुळे काही स्पिनेलही उजळतात. ज्योतीत वितळवून केलेला कृत्रिम स्पिनेल तर हटकून पट्ट्यापट्ट्यांनी उजळतो, पण त्याचा वक्रीभवनांक १.७२८ आणि विशिष्ट गुरुत्व ३.६४, म्हणून तो पकडला जातो.

वाघोलीकर

दुहेरी दिसणं म्हणजे काय ते ज्यांना बघायचंय त्यांनी आपल्याकडचा स्वच्छ कॅल्साइटचा तुकडा छापील कागदावर ठेवावा. प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत असे तुकडे मिळतात. टाफाइटमध्ये हा परिणाम त्याच्या कितीतरी पट कमी असणार, त्या माणसाची नजर काय असेल!

गंधार_नाशिक

नवरत्नांत याची जागा कुठली? कुठल्या ग्रहाचा खडा मानतात?

लूपवाला

गंधार, कुठल्याच नाही. नवरत्नांची परंपरा ज्या काळात बसली त्या काळात हे खनिज वेगळं म्हणून कुणालाच माहीत नव्हतं. १९५१ च्या आधी त्याला नावच नव्हतं. कुणी ग्रह सांगून विकत असेल तर घेऊ नका.

ओवी_आजी

आमच्या लहानपणी माणकासारखा दिसणारा, पण माणिक नसलेला लाल खडा असला की त्याला लालडी म्हणत. माझ्या सासूबाईंच्या नथीत होता. ती लालडी म्हणजे हे स्पिनेलच का?

खडकवेडा

ओवी आजी, बऱ्याचदा स्पिनेलच, कधी गार्नेटही. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ब्रिटिशांच्या राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' हाही प्रत्यक्षात स्पिनेल आहे. शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवला.

आता रेवाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे. आधी "ऑक्साइड का" हे.

खनिजांचं वर्गीकरण त्यातल्या ऋण आयनावरून होतं. आडनावासारखं समजा. धातू कोणता ते नाव, ऋण आयन हे आडनाव. कार्बोनेट, सल्फाइड, सिलिकेट, ऑक्साइड ही घराणी. बेरिलियम म्हटलं की आपल्याला पाचू आठवतो, पण पाचू म्हणजे बेरिल, त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनची वलयं असतात, म्हणून ते सिलिकेट. टाफाइटमध्ये सिलिकॉन नाही. बेरिलियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. आडनाव ऑक्साइड. याच घराण्यात माणिक आणि नीलम आहेत, म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम ऑक्साइड. स्पिनेल आहे. आणि लसण्याही आहे, तो क्रायसोबेरिल, म्हणजे बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड.

टाफाइट इतकं दुर्मीळ का, याचं उत्तरही इथेच आहे. बेरिलियम सहसा ग्रॅनाइट आणि पेग्मटाइट (मोठमोठ्या स्फटिकांचा, ग्रॅनाइटच्याच नात्यातला खडक) यांच्यासोबत येतं, आणि ते खडक सिलिकाने भरलेले. सिलिका हाताशी असली की बेरिलियम तिला सोडत नाही, बेरिल होतं. मॅग्नेशियम मुबलक असतं ते डोलोमाइटसारख्या खडकांत, जिथे बेरिलियमचा पत्ता नसतो. दोघं एका जागी यायला हवीत, ॲल्युमिनियम भरपूर हवं, आणि सिलिका कमी पडायला हवी. असं फार क्वचित जुळतं. चीनच्या हुनान प्रांतात चुनखडी-डोलोमाइटला ग्रॅनाइटमधले द्रव भिडले तिथे हे जुळलं, आणि टाफाइट खडकातच बसलेलं मिळालं. रत्नाच्या प्रतीचे नग मात्र श्रीलंकेच्या वाळूतले, टांझानियात तुंडुरूचे, म्यानमारमध्ये मोगोकचे.

शिल्पा_पाटणकर_नव्हे

बेरिलियम विषारी असतं ना? आईच्या गळ्यात घालणार आहेत म्हणून काळजीने विचारते.

खडकवेडा

बरं झालं विचारलंत. धोका धुळीचा. बेरिलियमयुक्त धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. पैलू पाडणाऱ्या कारागिराने पाण्याखाली घासणं आणि मुखपट्टी लावणं हे टाळता कामा नये. तयार नगात ते ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं असतं, त्वचेतून काही येत नाही. पाचूतही बेरिलियम आहेच, आणि पाचू हजारो वर्षं लोकांच्या गळ्यात आहेत.

रेवाकाठ, पेंडंट करताना नग पुन्हा घासू देऊ नका. गरजही नाही.

वाघोलीकर

आता नावाबद्दल माझं मत. २००२ चा बदल मला पटत नाही. ज्या माणसाने भंगारातल्या नगांतून हे शोधलं, त्याचं नाव एन आणि एस या अक्षरांच्या गर्दीत कुठेतरी मधे लोंबकळतंय. कुणाच्या तोंडात बसणार हे? संग्राहक म्हणून सांगतो, आम्ही पेटीवर चिठ्ठी लावतो ती 'टाफाइट' अशीच.

खडकवेडा

@वाघोलीकर, मत समजतं, पण ती अक्षरं उगाच नाहीत. एकदा उलगडून बघा, मग भांडू.

टाफाइटची रचना म्हणजे एक उतरंड आहे. दोन प्रकारची मडकी. एक 'एस', स्पिनेलसारख्या रचनेचा थर. दुसरं 'एन′', नोलानाइट नावाच्या खनिजाशी नातं असलेल्या, थोड्या बदललेल्या रचनेचा थर. टाफाइटमध्ये ती एकाआड एक येतात: एन′, एस, एन′, एस. चार झाली की रचना पुन्हा पहिल्यापासून. म्हणून २एन′२एस. मसग्रेव्हाइट हे त्याचं भावंड, १९६७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मसग्रेव्ह डोंगररांगेतून नोंदलेलं. त्यात दोन एन′ मग एक एस, दोन एन′ मग एक एस, असं तीनदा झालं की आवर्तन पूर्ण. सहा एन′ आणि तीन एस, म्हणून मॅग्नेशिओटाफाइट-६एन′३एस.

तबल्याचा ठेका डोळ्यासमोर आणा. बोल तेच, आवर्तन वेगळं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही, मोजता येतं. टाफाइटच्या एकक पेशीची (म्हणजे रचनेच्या एका पूर्ण आवर्तनाची) उंची सुमारे १८.३ अँगस्ट्रॉम, मसग्रेव्हाइटची सुमारे ४१.१. पहिल्याला ४ ने भागा, दुसऱ्याला ९ ने. दोन्हीकडे एका मडक्याची उंची साडेचार अँगस्ट्रॉमच्या किंचित वर येते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) नाव वाचलं की रचना कळते, असं नाव किती खनिजांना आहे?

मध्यरात्र

आत्ता कागदावर भागाकार केला. ४.५७५ आणि ४.५६७. खूप छान वाटलं.

तबलजी_बाबू

खडकवेडा सर, ठेक्याचा दाखला अगदी चपखल. चार मात्रांचं आणि नऊ मात्रांचं आवर्तन! उद्या शिष्यांना सांगतो.

रेवाकाठ

सर, मग बाबांचं सूत्र? ते चुकलं होतं का? ४ आणि ८?

खडकवेडा

हाच भाग मी राखून ठेवला होता.

बाबांनी लिहिलेलं सूत्र त्या काळच्या पुस्तकांतलं आहे. १९५१ च्या पृथक्करणातून तेच आलं होतं. नमुना इतका लहान की त्यात मॅग्नेशियम आणि बेरिलियमचं प्रमाण नेमकं पकडणं कठीण. पुढे १९८० च्या दशकात, बऱ्यापैकी आकाराचे नमुने आणि चांगली यंत्रं हाती आल्यावर, सूत्र दुरुस्त झालं. त्याच सुमारास श्रीलंकेच्या एका नगाला 'टॅप्रोबानाइट' असं वेगळं नावही दिलं गेलं होतं. टॅप्रोबेन हे लंकेचं जुनं ग्रीक नाव. ते खनिज टाफाइटच निघालं आणि नाव रद्द झालं.

आता मडकी मोजा. एन′ थराचं सूत्र: बेरिलियम १, मॅग्नेशियम १, ॲल्युमिनियम ४, ऑक्सिजन ८. एस थराचं: मॅग्नेशियम २, ॲल्युमिनियम ४, ऑक्सिजन ८. बेरीज करा. बेरिलियम १, मॅग्नेशियम ३, ॲल्युमिनियम ८, ऑक्सिजन १६. हे आजचं सूत्र.

म्हणजे तुमच्या बाबांनी वहीत जे लिहिलंय ते एन′ थराचं सूत्र आहे. पूर्ण खनिजाचं म्हणून ते अपुरं होतं, पण त्या खनिजाला स्पिनेलपासून वेगळं करणारा जो अर्धा भाग आहे, नेमकं त्याचंच.

रेवाकाठ

सर, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वहीला हात लावू नकोस, तसंच राहू दे.

वाघोलीकर

खडकवेडा सर, उतरंड पटली, मान्य. पण माझा आक्षेप वेगळा आहे. रचना सांगायला सूत्र आहे, पेशीची मापं आहेत. नावाने सगळंच सांगायला हवं का? ॲपेटाइटचं काय झालं आठवा. २००८ साली फ्लोरॲपेटाइटचं नाव बदलून कंसातल्या अक्षरांचं केलं, आणि २०१० ला परत फिरवलं. लोकांच्या वापरात रुजलेली नावं उपटायला नकोत.

आणि आपल्या वाघोलीचंच बघा. कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव, पण बोलायला सोपं. वाघोलीच्या खाणीत ते निळंशार निघालं की खाणकामगारसुद्धा नावाने ओळखत. त्याच खाणीत पेंटागोनाइटही मिळतो. सूत्र अगदी तेच, रचना वेगळी, म्हणून वेगळं खनिज आणि वेगळं नाव. तिथे अडलं का कुणाचं?

खडकवेडा

कॅव्हनसाइट-पेंटागोनाइट हा तुम्ही माझ्याच बाजूचा दाखला दिलात! सूत्र एक, रचना दोन, म्हणून खनिजं दोन. वर्गीकरणात रचनेचं वजन किती असतं ते यातून दिसतं. पण त्या जोडीत दोनच आहेत, म्हणून दोन नावं लक्षात राहतात. टाफाइटच्या बाबतीत तसं नव्हतं. हॉग्बोमाइट, नायजेराइट आणि टाफाइट अशी तीन नात्यातली कुळं आहेत. पहिल्यात टायटॅनियम, दुसऱ्यात कथील, तिसऱ्यात बेरिलियम. त्यांत मॅग्नेशियमचं, लोहाचं, जस्ताचं प्राबल्य असलेली रूपं, आणि प्रत्येकाच्या उतरंडी वेगवेगळ्या. फिनलंडमधल्या लोहप्रधान भावंडाला पेहरमानाइट म्हणत, ते आता फेरोटाफाइट-६एन′३एस. दर वेळी नवं नाव देत गेलो तर ही भावंडं आहेत हेच विसरलं जाईल. खनिजशास्त्रज्ञ आर्मब्रुस्टर यांनी २००२ साली सगळ्यांना एका सूत्रात ओवलं ते याकरता. आणि कुळाचं नाव म्हणून 'टाफाइट' शिल्लकच आहे.

वाघोलीकर

माझ्या पेटीवरची चिठ्ठी मी बदलणार नाही. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, मागच्या बाजूला नवं नाव लिहीन.

लूपवाला

व्यवहारातलं सांगतो. रत्नांच्या प्रमाणपत्रांवर आजही 'टाफाइट' आणि 'मसग्रेव्हाइट' हीच नावं असतात. सराफांनी सांगितलं ते खनिजांच्या यादीपुरतं खरं आहे.

पण रेवाकाठ, एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे आणि ती सांगायलाच हवी. तुमचं प्रमाणपत्र १९८९ चं आहे. रत्नाच्या प्रतीचा मसग्रेव्हाइट पहिल्यांदा नोंदला गेला १९९३ साली. त्याआधी असा नग समोर आला तर कुणी मसग्रेव्हाइटचा विचारच करत नसे, तो टाफाइट म्हणूनच जायचा. आणि वक्रीभवनांक, विशिष्ट गुरुत्व यांवरून दोघांना वेगळं करता येत नाही, आकडे एकमेकांत मिसळतात. ते करायला रामन वर्णपट लागतो किंवा क्ष-किरण. रामनमध्ये नगाला ओरखडाही येत नाही, लेझरचा झोत टाकतात आणि परतलेल्या प्रकाशाचा आलेख वाचतात.

म्हणजे १९८९ ला "टाफाइट" लिहिणारा तपासनीस प्रामाणिक होता, पण त्याच्या हातात आज आहे ते साधन नव्हतं. बाबांचं लिहिणं बरोबर होतं का, हा तुमचा प्रश्न अजून अर्धा उघडा आहे.

मध्यरात्र

अरे! धागा परत पहिल्या प्रश्नावर आला.

ओवी_आजी

तपासून घे गं बाळा. जे असेल ते असेल.

दर्याफिरस्ता

रामन म्हणजे आपल्या सी. व्ही. रामन यांचाच परिणाम ना? १९२८ चा?

लूपवाला

होय, तोच. कलकत्त्यात लागलेला शोध. आज माझ्या टेबलावर रोज वापरात आहे.

रेवाकाठ

दोन दिवस विचार केला. मसग्रेव्हाइट निघाला तर किंमत वाढेल, असं भाऊ म्हणतो. मला मनातून वाटतंय की टाफाइटच निघावा. बाबांनी तेच लिहिलंय. बुधवारी नग घेऊन मुंबईला जाते आहे.

कातळफूल

मीही वाट बघते आहे. नक्की कळवा.

वाघोलीकर

पुडीत नग एकटाच ठेवा. कठिनता ८ म्हणजे माणिक आणि हिरा सोडून फारसं काही त्याला ओरखडू शकत नाही, पण तो इतरांना ओरखडेल. पाटन (ठरावीक पातळीत सरळ फुटणं) जवळजवळ नाही, तरी ठोका लागला तर शंखासारखी कपची उडू शकते. आणि कुणी कस बघायला घासायला मागितला तर देऊ नका. कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, पांढराच येतो, त्यातून काही कळत नाही.

रेवाकाठ

मंडळी, आजच अहवाल मिळाला. तपासनीस बाईंनी मला शेजारी बसवून सगळं दाखवलं.

आधी ध्रुवणदर्शीत नग ठेवून फिरवायला सांगितला. मीच फिरवला. उजळला, काळवंडला, उजळला, काळवंडला. मी मोजले, चार वेळा. मग सूक्ष्मदर्शकातून मागचे पैलू बघायला सांगितले. सुरुवातीला काहीच दिसेना. त्यांनी नग जरा कलवला, आणि एक बारीकशी कड दोन झाली. पुसटशी, पण दोन. तिथे मला रडू आलं. बाबा खिडकीत धरून नेमकं हेच बघायचा प्रयत्न करत असतील का, तेही साध्या भिंगाने.

मग रामन. पडद्यावर त्यांनी तीन आलेख एकाखाली एक लावले: वर माझा नग, मधे टाफाइट, खाली मसग्रेव्हाइट. मला वाचता येत नाही, पण वरचे दोन डोंगर एकावर एक बसत होते.

अहवालावर लिहिलंय: टाफाइट. नैसर्गिक. खाली लहान अक्षरांत खनिजशास्त्रीय नाव, मॅग्नेशिओटाफाइट-२एन′२एस. दोन्ही आहेत, वाघोलीकर काका आणि खडकवेडा सर.

खडकवेडा

फार आनंद झाला.

वाघोलीकर

अभिनंदन, ताई. आता पेंडंटचं?

रेवाकाठ

आईने नको सांगितलं. तिला तो पुडीतच हवा आहे, खिडकीत धरून बघायला. जुनं प्रमाणपत्र, नवा अहवाल आणि वही एकत्र ठेवलंय. वहीत बाबांच्या सूत्राखाली मी पेन्सिलीने फक्त एक ओळ लिहिली: अधिक मॅग्नेशियम २, ॲल्युमिनियम ४, ऑक्सिजन ८. आईला विचारून.